हौसा सपकाळचा स्थिरांक

त्या वर्षी भिलारच्या शिवारातली स्ट्रॉबेरी वाकडी आली. एका अंगाने लाल, टपोरी, आणि दुसऱ्या अंगाने आखडलेली, लहान मुलाने मूठ आवळावी तशी. बाजारात तिला कोणी हात लावेना. विश्रामराव केंजळ्यांनी बांधावर उभे राहून एक फळ उलटेपालटे करून पाहिले आणि खिशात टाकले. त्यांना कारण विचारायची गरज नव्हती. उभा जन्म त्यांनी याच गोष्टीच्या मागे घातला होता.

स्ट्रॉबेरीच्या अंगावर जे बारीक दाणे दिसतात, तो एकेक दाणा म्हणजे खरे तर एकेक फळ असते. ज्या दाण्याला पराग मिळतो त्याच्याभोवतीचा गर फुगतो, ज्याला मिळत नाही तिथे खड्डा पडतो. माशी फुलावर बसली की गोल गोल फिरते आणि सगळ्या दाण्यांना सारखा पराग लावते. विश्रामराव मधमाशी संशोधन केंद्रात नोकरीला होते तेव्हा नव्या पोरांना सांगत, की माशी गोल फिरते म्हणून फळ गोल होते. फळ वाकडे आले याचा अर्थ माशी आलीच नव्हती.

सातेरी माशी मरत होती. आपल्या डोंगरातली ही पाळीव माशी, पेटीत राहणारी, अंगाने लहान, स्वभावाने गरीब. तिच्या अळ्यांना एक जुना विषाणूचा रोग होता, तो नवे रूप घेऊन आला होता. अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन पोळ्यातल्या आपल्या घरातच मरायची आणि बघता बघता सगळी पेटी ओस पडायची. जावळी खोऱ्यात तेवढ्या थोड्या वसाहती तगून होत्या. त्या का तगल्या ते कुणाला सांगता येत नव्हते. बागायतदारांचा धीर सुटला होता. वैशाखात डोंगरी परिषदेची बैठक होती आणि तिथे परदेशी माशी आणायचे ठरणार होते. ती आली की तिचे रोग येणार, फुलांवर तिचा हक्क चालणार, आणि उरलीसुरली सातेरी पाच-सहा वर्षांत संपणार, हे केंद्राची प्रमुख ओरडून सांगत होती. केंद्राची प्रमुख म्हणजे विश्रामरावांची मुलगी, डॉक्टर शर्वरी केंजळे.

एका सकाळी ती वडिलांकडे आली ती हातात चार पानांची जुनी छापील प्रत घेऊन. केंद्राच्या अडगळीत सापडली होती. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा शोधनिबंध, विषय जावळी खोऱ्यातल्या सातेरीची स्वच्छतेची सवय. त्यात लिहिले होते, की या माश्यांना झाकलेल्या घरातली आजारी अळी वासावरून कळते. कामकरी माश्या झाकण फोडतात, अळी ओढून बाहेर टाकतात आणि रोग पसरायच्या आत घर साफ करतात. जवळजवळ प्रत्येक आजारी अळी त्यांनी बाहेर काढली होती.

“हे खरं असेल तर आपली माशी वाचली, बाबा,” शर्वरी म्हणाली. “पण पारखी याला हात लावत नाही.”

इथे पारखी म्हणजे काय आणि स्थिरांक म्हणजे काय, हे सांगायला हवे.

काही वर्षांपूर्वी जगात मोठा घोटाळा होऊन बसला होता. यंत्रे माणसासारखी लिहू लागली आणि कुणीही उठून बसल्या जागी खोटे शोधनिबंध पाडू लागले. न केलेले प्रयोग, न तपासलेले रोगी, न मोजलेले आकडे. खरे कोणते आणि बनावट कोणते ते भल्याभल्यांना कळेना. कुठे तरी खोट्या निबंधावर विसंबून लहान मुलांना औषध दिले गेले आणि अनर्थ झाला. तेव्हा सगळे देश शुद्धीवर आले. त्यांनी ठरवले, की संशोधन करणाऱ्या प्रत्येक माणसाला जन्माचा एकच सोळा आकडी क्रमांक द्यायचा. माणसाचे नाव बदलो, गाव बदलो, नोकरी सुटो, तो क्रमांक बदलायचा नाही. माणूस मेला तरी तो दुसऱ्याला जायचा नाही. त्याला आपल्याकडे स्थिरांक म्हणू लागले. प्रयोगशाळेतला वजनकाटासुद्धा आता समोर कोण उभे आहे ते ओळखून मोजलेल्या आकड्यावर त्या माणसाचा स्थिरांक उमटवत असे. आणि जगातले सगळे संशोधन वाचणारे जे यंत्र होते, पारखी, ते कुठलीही गोष्ट खरी धरण्याआधी स्थिरांकांचा माग काढत मागे मागे जायचे. जिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले त्या व्यक्तीपर्यंत पोचले तरच ते थांबायचे. मधे धागा तुटला तर निबंध फेकला जात नसे, पण त्याच्यावर ‘अनाथ’ असा शिक्का बसे. मग त्याच्यावर कोणी डॉक्टर, कोणी शेतकरी, कोणते यंत्र भार टाकत नसे.

विश्रामरावांना त्यांचा स्थिरांक मिळाला तेव्हा ते हसले होते. बैलाच्या कानात बिल्ला मारतात तसा आम्हाला मारला, असे म्हणाले होते. पण त्याआधी कित्येक वर्षे त्यांना अनोळखी माणसांचे फोन येत आणि ती माणसे हर्नियाबद्दल विचारत. जगात दुसरा एक व्ही. केंजळे होता, तो शस्त्रक्रिया करायचा, आणि त्याचे निबंध यांच्या नावावर चढले होते. स्थिरांक आला आणि हर्निया थांबला. तेव्हापासून त्यांना त्या सोळा आकड्यांविषयी आदर वाटू लागला. त्यांचे सगळे काम, पहिल्या कच्च्या टिपणापासून शेवटच्या निबंधापर्यंत, एका दोऱ्यात ओवलेले दिसे. आपण एवढे केले हे त्यांनाही तेव्हाच कळले.

आता शर्वरीच्या हातातल्या पानांवर लेखकाचे नाव होते एच. डी. सपकाळ. या नावाचा स्थिरांक कुठेच नव्हता. त्यात भर म्हणजे निबंध छापल्यावर दुसऱ्या दोन केंद्रांनी तोच प्रयोग करून पाहिला होता आणि त्यांच्या माश्यांनी अळ्या जागच्या हलवल्या नव्हत्या. पारखीने शेरा मारला होता, की आकडे वाजवीपेक्षा चांगले आहेत, बनावट असण्याचा संभव मोठा.

“या सपकाळ सरांना शोधून शोधून थकले,” शर्वरी म्हणाली. “तुमच्या वेळचे असतील ना?”

विश्रामराव हसले. “सर कुठले? ती हौसा.”

मग त्यांनी मुलीला हौसाची हकीगत सांगितली. जावळीतली पोर. बाप कड्यावरचा मध काढायचा. शिकत शिकत ती प्राणिशास्त्राची एम. एस्सी. झाली आणि केंद्रात तात्पुरत्या जागेवर लागली. विश्रामराव आणि ती एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत. दोन वर्षे तिने खोऱ्यात पेट्या ठेवून हा प्रयोग केला. झाकलेल्या घरात बारीक सुई टोचून अळी मारायची आणि माश्या ती काढतात का ते दुसऱ्या दिवशी मोजायचे. काही पेट्यांत रोगट अळ्याच सोडायच्या. निबंध पाठवला आणि तिचे लग्न ठरले. सासर कोरेगावच्या बर्ग्यांचे. त्या लोकांना हौसा हे नाव खेडवळ वाटले. लग्नात तबकात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने तिचे नवे नाव लिहिले, अपर्णा. केंद्रातर्फे आहेर घेऊन विश्रामराव गेले होते, ते मागेच उभे होते. तिने तांदळाकडे पाहिले आणि मान वळवून त्यांना विचारले, “केंजळे, आता निबंध कुणाचा?” सगळे हसले, विश्रामरावही हसले.

शर्वरीने तिथल्या तिथे शोधले. अपर्णा यशवंत बर्गे, कोरेगावच्या महाविद्यालयातल्या निवृत्त अध्यापिका. बेडकांवर तीन छोटे निबंध. स्थिरांक होता. सगळ्या अध्यापकांना सक्तीने घ्यावा लागला तेव्हा त्यांनीही घेतला होता. पण ‘याआधीची नावे’ या चौकटीत काही भरले नव्हते.

“म्हणजे साक्ष हवी,” शर्वरी म्हणाली.

जुन्या कामांसाठी तशी सोय होती. त्या कामाच्या वेळी जो हजर होता अशा जिवंत संशोधकाने स्वतःचा स्थिरांक तारण ठेवून सांगायचे, की हे काम याच व्यक्तीने केले आणि मी ते होताना पाहिले. साक्ष दिल्याबरोबर त्याचा स्थिरांक पिवळा व्हायचा. साक्ष खरी ठरली तर हिरवा. खोटी ठरली तर त्याचे जन्माचे काम लाल, आणि त्याच्या आधारावर ज्यांनी काम केले त्यांचेही अंधूक. केंद्रातली त्या वेळची बाकीची माणसे केव्हाच गेली होती. उरले होते एकटे विश्रामराव.

“नाही,” शर्वरी म्हणाली. “तुम्ही नुसतं नाव सांगत नाही, बाबा. तिचे आकडे तुमचे होतात. दोन केंद्रांत तो प्रयोग फसलाय.”

“ती आकडे बनवणारी नव्हे.”

“पंचेचाळीस वर्षांपूर्वीची ओळख ती.”

विश्रामरावांनी वाद घातला नाही. मुलीचे निम्मे काम आपल्या कामावर उभे आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि ते ती बोलून दाखवणार नाही हेही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोरेगावची एसटी धरली.

बर्ग्यांचे घर स्टेशनच्या बाजूला होते. दार यशवंतरावांनी उघडले. साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून त्यांची हयात गेली होती आणि आता त्यांना मधुमेह होता, हे त्यांनी स्वतःच हसत सांगितले. हौसाबाई आतून आल्या. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता, पण समोरच्याला एकदा नीट न्याहाळायचे आणि मग बोलायचे ही रीत तीच होती.

“केंजळे,” त्या म्हणाल्या. “वाळला की हो.”

विश्रामरावांनी चार पाने पुढे ठेवली आणि आल्याचे कारण सांगितले. यशवंतरावांना हे सगळे नवे होते. आपल्या बायकोने लग्नाआधी मधमाश्यांवर काही केले होते एवढेच त्यांच्या कानावर होते. त्यांनी विचारले, की चौकटीत जुने नाव का भरले नाही. त्यावर हौसाबाई म्हणाल्या, घरात ते नाव कोण घेतं, पोरांना तरी माहीत आहे का. यशवंतराव थोडे ओशाळले. मी आपला रीत म्हणून तांदळात लिहिलं, म्हणाले, ते यंत्रापर्यंत जाईल हे कुणाला ठाऊक.

“तुमच्यामुळे नव्हे,” हौसाबाई म्हणाल्या आणि पाने हातात घेतली. “दोन ठिकाणी माझा प्रयोग करून पाहिला. नाही जमला. मला पत्रं आली तेव्हा थोरला पोटात होता. परत खोऱ्यात जाऊन तपासायची सोय नव्हती. मग मी धरून चालले की माझंच कुठं तरी चुकलं. हौसा सपकाळ चुकली. म्हणून चौकट कोरी ठेवली.”

एवढी वर्षे ही बाई वर्गात बेडूक शिकवत होती आणि मनात हे बाळगून होती, हे विश्रामरावांच्या आत्ता ध्यानात आले. त्यांनी साक्ष द्यायची गोष्ट काढताच हौसाबाईंनी हात आडवा केला. तुमचं नाव स्वच्छ आहे, पोरीचं आहे, माझ्यापायी डागाळू नका, असे म्हणून त्या चहा टाकायला उठल्या.

चहा आला. विश्रामरावांनी घोट घेतला आणि त्यांचे तोंड वाकडे झाले.

“चहात साखर नसते आमच्याकडं, यांच्यामुळं,” हौसाबाई म्हणाल्या. मग चष्म्याआडून हसल्या. “माश्यांच्या साखरेची सवय अजून गेली नाही वाटतं.”

यशवंतरावांनी हे काय म्हणून विचारले, तेव्हा दोघांनी मिळून सांगितले. फुलोरा नसला की माश्यांना साखरेचा पाक पाजायचा असा केंद्राचा नियम. प्रत्येक पेटीमागे साखर यायची. हौसाच्या पेट्यांना कधी लागली नाही, म्हणून ती साखर साहेबांच्या देखत सगळ्यांच्या चहात जायची. एकदा तर शिरा झाला होता. साहेबांनी दोनदा घेतला होता.

विश्रामराव हसता हसता थांबले.

“सपकाळ,” ते म्हणाले, “तुम्ही पाक का पाजला नाही?”

“कशाला पाजायचा? अर्धा मध पेटीतच ठेवायचा, मग भुकेजतील कशा? आमच्या अप्पांनी कधी पोळं पुरतं कापलं नाही. माशीचा वाटा माशीला. आमच्याकडं सगळे तसंच करतात.”

“हे निबंधात कुठं आहे?”

हौसाबाईंनी पाने उलटली. प्रयोगाची रीत त्यांनी बारकाईने लिहिली होती. पेटीची लाकडे, सुईची जाडी, हवेची ऊब, अळीचे वय. त्या बोट ठेवून ओळ न् ओळ वाचत गेल्या. शेवटच्या ओळीवर बोट तसेच राहिले.

“नाही लिहिलं,” त्या हळू म्हणाल्या. “हे काय लिहायचं? भाकरीची कृती सांगताना चुलीत जाळ घातला हे कुणी सांगतं का?”

विश्रामरावांना सगळे लख्ख दिसले. मधात नुसता गोडवा नसतो. परागातून आलेली बारीक द्रव्ये असतात, आणि ती पोटात गेली की माशीची रोगाशी झगडणारी जनुके जागी होतात. हे त्यांच्या तरुणपणी कुणाला माहीत नव्हते, नंतर कळले. साखरेच्या पाकात ती द्रव्ये नसतात. पाकावर जगलेल्या माशीचे पोट भरते, पण वास घ्यायची तिची ताकद बोथटत असेल तर? दुसऱ्या दोन्ही केंद्रांनी नियमाप्रमाणे पाक पाजला असणार. त्यांनी हौसाचा प्रयोग केलाच नव्हता. आणि जावळीतल्या वसाहती अजून तगून होत्या, कारण तिथले लोक अजून माशीचा वाटा ठेवत होते.

“अंदाज आहे हा, केंजळे,” हौसाबाई म्हणाल्या. “अंदाजावर जन्माची कमाई लावू नका.”

“अंदाजावर कुठं लावतोय? मी तो चहा प्यायलोय.”

शर्वरीला हे कळले तेव्हा ती वडिलांशी दोन दिवस धड बोलली नाही. तिची अडचण खरी होती. उरलेल्या निरोगी वसाहतींवर रोगाचा प्रयोग करायचा तर परवानगी लागत होती, आणि आधीचा काही तरी विश्वासाचा पुरावा असल्याशिवाय ती मिळत नव्हती. म्हणजे साक्षीवाचून प्रयोग नाही, आणि प्रयोगावाचून साक्ष खरी ठरणार नाही. केंद्रातल्या एका सहकाऱ्याने तिला वाट दाखवली. नियमात फारकतीची सोय होती. वडिलांनी साक्ष देण्याआधी तिने आपले काम त्यांच्या कामापासून कागदोपत्री वेगळे केले, तर त्यांचा स्थिरांक लाल झाला तरी तिचा शाबूत राहील. थोडे लहान होईल, पण राहील. विश्रामरावांनी स्वतः तिला तसे कर म्हणून सांगितले.

साक्षीच्या दिवशी ती त्यांच्या शेजारी येऊन बसली. विश्रामरावांनी विचारले, ते फारकतीचे काय केलेस.

“केलं नाही,” ती म्हणाली. “तुमच्याकडून शिकले ते शिकले. आता ते वेगळं कसं काढू?”

मग पारखी बोलू लागले. आवाज साधा होता, घाई नव्हती. विश्रामरावांची पदवी, मानसन्मान यातले त्याने काही विचारले नाही. एवढेच विचारले, की तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिले. विश्रामरावांनी कुणाचे तरी ऐकलेले सांगायला सुरुवात केली की ते नम्रपणे म्हणायचे, हे तुम्ही पाहिले का? त्यांनी तबकातले तांदूळ सांगितले. रोज सकाळी सुई घेऊन पेट्यांकडे जाणारी हौसा सांगितली. एका पेटीचे मोजणे पावसाने चुकले तेव्हा तिने तो आकडा खोडून टाकला, मनाने भरला नाही, तेही सांगितले.

“पाकासाठी आलेल्या साखरेचे काय झाले?”

“चहा झाला,” विश्रामराव म्हणाले. “एकदा शिरा.”

“तो तुम्ही खाल्ला का?”

“खाल्ला.”

पारखीने तेही टिपून घेतले. शर्वरीने खाली बघून हसू दाबले. विश्रामरावांना मात्र त्या यंत्राचे कौतुक वाटले. इतकी वर्षे त्यांनी चौकश्या, समित्या, मुलाखती पाहिल्या होत्या, पण त्यांच्याकडचे जे खरे होते तेवढेच नेमके मागणारे असे कोणी भेटले नव्हते. त्यांनी संमती दिली. पडद्यावरचे सोळा आकडे पिवळे झाले. जरा वेळाने शर्वरीचेही झाले.

त्या पिवळ्याचे चटके लगेच बसू लागले. शर्वरीचा एक मोठा प्रकल्प निकाल लागेपर्यंत थांबवून ठेवला गेला. विश्रामरावांचा एक जुना विद्यार्थी परदेशात होता, त्याने लिहिले, सर, तुम्ही आम्हाला विचारायला हवे होते. ते वाचून विश्रामराव दिवसभर अंगणात बसून राहिले. पण परवानगी आली. मोजक्या पेट्या मिळाल्या.

फाल्गुनात प्रयोग मांडला. दोन ओळी केल्या. एका ओळीतल्या माश्यांना नियमाप्रमाणे पाक, दुसऱ्या ओळीत त्यांचा अर्धा मध त्यांच्यापाशीच. पिढी बदलेपर्यंत थांबायचे होते, म्हणजे पाकावर वाढलेल्या माश्या आणि मधावर वाढलेल्या माश्या समोरासमोर आल्या असत्या. हौसाबाई कोरेगावहून येऊन केंद्रातच राहिल्या. यशवंतरावही आले. ते पाक करत. हयातभर साखर केली, आता तिची हार बघायला आलो, असे ते सगळ्यांना सांगत. पेटीतली पोळ्याची चौकट उचलणे हौसाबाईंना आता जड जाई. मग शर्वरी खालून आधार देई. दोघींत फार बोलणे होत नसे. एकदा फक्त शर्वरीने विचारले, की मी तुम्हाला काय म्हणू, अपर्णामॅडम की हौसामावशी. हौसाबाई म्हणाल्या, पेटीपाशी असेन तोवर हौसा.

रोगट अळ्या सोडल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर सगळे पेट्यांकडे गेले. प्रत्येक पेटीच्या दारापुढे पांढरे फडके अंथरले होते. पाकाच्या ओळीत फडकी जवळजवळ कोरी होती. आत अळ्या पाण्याने फुगलेल्या, जिथल्या तिथे. मधाच्या ओळीत विश्रामराव गुडघे टेकून बसले. एक कामकरी माशी स्वतःएवढी पिवळट अळी ओढत दारात आली, काठावर अडखळली, दुसरी मदतीला धावली, आणि दोघींनी मिळून ती खाली ढकलली. फडक्यावर अशा कितीतरी पडल्या होत्या.

हौसाबाई उभ्याच होत्या. त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि मधेच थांबल्या. “शर्वरी, तू मोज,” म्हणाल्या. “मला दिसेना झालंय.”

आकडे जुन्या निबंधाइतके चांगले आले नाहीत, थोडे कमी आले. रोगही आता जास्त जहाल होता. पण दोन ओळींतला फरक इतका ढळढळीत होता, की पारखीने वजनकाट्यावरच्या, सूक्ष्मदर्शकावरच्या आणि चौकटींवरच्या सगळ्या स्थिरांकांचा माग काढला आणि ‘अनाथ’ शिक्का उठवला. विश्रामरावांचे आकडे हिरवे झाले, मग शर्वरीचे. डोंगरी परिषदेने परदेशी माशीचा ठराव बाजूला ठेवला आणि जावळीच्या राणीमाश्या वाढवायचे काम केंद्राकडे दिले. पाक बंद करायचा हुकूम त्याच आठवड्यात निघाला.

सगळे आवरून विश्रामराव आणि शर्वरी कोरेगावला गेले. हौसाबाईंच्या स्थिरांकाचे पान उघडायचे होते. पडद्यावर वर सोळा आकडे आणि त्याखाली दोन नावे होती, हौसा ज्ञानदेव सपकाळ आणि अपर्णा यशवंत बर्गे. बेडूक आणि माश्या एका दोऱ्यात आले होते. हौसाबाईंनी पडद्यावरच्या पहिल्या नावावरून बोट फिरवले. यशवंतराव मागे उभे राहून पाहत होते.

पारखीने जुन्या निबंधाला पुरवणी जोडायची सोय दिली होती. राहिलेले वाक्य हौसाबाईंनी स्वतः लिहिले: पेट्यांतला अर्धा मध माश्यांसाठी ठेवला होता, पाक दिलेला नाही. तेवढ्यात खाली प्रश्न आला, की ही रीत तुम्हाला कुणाकडून मिळाली.

“अप्पांकडून,” त्या आपल्याशीच म्हणाल्या आणि लिहू लागल्या. ज्ञानदेव लक्ष्मण सपकाळ, मध काढणारे, जावळी. पुन्हा प्रश्न आला. या व्यक्तीच्या नावे स्थिरांक नाही. मृत व्यक्तीला तो साक्षीने देता येतो. साक्ष देणाराचा स्थिरांक तारण राहील.

शर्वरी पुढे झाली. “मावशी, थांबा जरा. तुमचा आत्ता कुठं हिरवा झालाय. कड्यावरचं पाहिलेलं तुम्ही एकट्याच. कुणी हरकत घेतली तर?”

“कड्याखाली दोर धरून मीच उभी असायची,” हौसाबाई म्हणाल्या. “अर्धं पोळं वर राहिलेलं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि तुझे बाबा थांबले होते का?”

त्यांनी संमती दिली. त्यांचे आकडे पिवळे झाले. खाली, जो माणूस जन्मभर अंगठा उठवत आला त्याच्या नावापुढे सोळा आकडे उमटले. हौसाबाईंनी ते एकेक करून मोठ्याने वाचले, नव्या बाळाचे नाव कानात सांगावे तसे, आणि चष्मा काढून पदराला पुसला.

“अहो,” त्या यशवंतरावांना म्हणाल्या, “चहा टाका. केंजळ्यांच्यात साखर घाला.”